कॅन्सरच्या रुग्णाची पाठदुखी: मणक्याला हात कधी लावावा, कधी लावू नये

केमोची सगळी सायकल्स संपलेली असतात, रिपोर्ट बरे आलेले असतात, घर जरा सैलावलेलं असतं आणि एक दिवस रुग्ण म्हणतो, पाठ धरलीय. मग घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी बाम चोळतं, कुणी गरम पाण्याची पिशवी देतं. गावाकडे उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत अजून आहे, आणि हाडवैद्याचा पत्ता तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. शहरात आता कायरोप्रॅक्टरची भर पडली आहे. त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेले असतात. मान किंवा कंबर एका झटक्यात वळवतात, कडकन आवाज येतो आणि टेबलावरचा माणूस हसत उठतो. 'एकदा दाखवून तर बघू' असं मग कुणीतरी म्हणतंच.

असं म्हणणाऱ्यांना रुग्णाचं दुखणं बघवत नसतं, म्हणूनच ते म्हणतात. त्यांना नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. कॅन्सर झालेल्या माणसाच्या दुखण्यात हाताने करायच्या उपचारांना जागा आहे, असं मला वाटतं. पण दुखणं कुठून येतंय हे ठरल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नये. हा क्रम उलटा झाला तर काय होतं, ते समजण्यासाठी आधी झटक्याचं शास्त्र बघू, मग कॅन्सरच्या दुखण्याचं.

झटका आणि आवाज

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी 1895 साली झाली. डी. डी. पामर नावाचे गृहस्थ तिथे हाताने उपचार करत. त्यांच्याच इमारतीत साफसफाईचं काम करणारे हार्वे लिलार्ड यांना कमी ऐकू येत होतं. पामर यांनी त्यांच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर' बसवला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागलं, असं पामर यांनी लिहून ठेवलं. त्यावरून त्यांनी एक मोठा सिद्धांत उभा केला: मणके जागचे हलतात, त्यांचा दाब नसांवर येतो आणि 95 टक्के रोग त्यातून होतात. हा सिद्धांत टिकला नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या अधिकृत परिषदेनेच 2010 साली सांगितलं की मणका सरकल्यामुळे रोग होतो या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही.

सिद्धांत पडला, तरी हातांचं कौशल्य उरलं. अमेरिकेत आज सर्व 50 राज्यांत कायरोप्रॅक्टरना परवाना मिळतो, त्यासाठी लांबलचक शिक्षण घ्यावं लागतं, आणि त्यांच्यातले बहुतेक जण पाठ, कंबर आणि मान यांच्या दुखण्यावरच काम करतात. त्यांची ओळख बनलेली कृती म्हणजे झटका. सांधा त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकापर्यंत हळूहळू न्यायचा आणि तिथे एक छोटा, फार जलद धक्का द्यायचा. हा धक्का सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. छातीच्या मागच्या मणक्यांवर दिलेल्या झटक्यांची मोजणी झाली आहे. जोर साधारण 400 न्यूटन भरतो, म्हणजे 40 किलो वजन क्षणभर पाठीवर पडावं तितका. तो इतका पटकन येतो की रुग्णाच्या स्नायूंना आवळून घ्यायला सवड मिळत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

कडकन येणारा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांध्याच्या दोन पृष्ठभागांत एकदम अंतर पडलं की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली बोट ओढून मोडताना त्या सांध्याचा एमआरआय घेतला आणि आवाजाच्या क्षणी ही पोकळी निर्माण होताना टिपली. बोटं मोडल्यावर लगेच पुन्हा मोडत नाहीत, थोडा वेळ जावा लागतो, तेही यामुळेच. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला आणि नाही आला म्हणजे फुकट गेला, असं काही नसतं.

तरीही बरं वाटतं, आणि ते खोटं नसतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत अडवता येतो, आणि स्पर्श, दाब, हालचाल यांचे संदेश तिथे पोचले की वेदनेची वाट अरुंद होते. गुडघा आपटल्यावर आपण तो आपोआप चोळतो, ते याच कारणाने. झटक्याने सांध्याभोवतीच्या नसांना असे भरपूर संदेश मिळतात, आवळलेला स्नायू काही काळ सैल पडतो, आणि कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय याचाही वाटा असतोच. नेहमीच्या जुनाट कंबरदुखीत या उपचाराचा गुण व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच आढळतो, त्यांच्याहून जास्त नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 साली कंबरदुखीसाठी औषधाआधी करून पाहायच्या उपायांत त्याचं नाव घेतलं आहे.

हे सगळं हाडं मजबूत असलेल्या माणसाबद्दल झालं. कॅन्सर झालेल्या माणसाच्या हाडांबद्दल असं धरून चालता येत नाही.

दुखणं नेमकं कशाचं

कॅन्सरचं दुखणं असं एकच दुखणं नसतं. गाठ एखाद्या अवयवाला ताणते, नसेवर दाबते, हाड पोखरते. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या औषधांनी हातापायांच्या नसा दुखावतात आणि तळव्यांना मुंग्या, जळजळ सुरू होते. ऑपरेशनचा व्रण आतून आखडतो. रेडिएशन घेतलेली कातडी आणि स्नायू काही महिन्यांनी घट्ट होतात. महिनोन् महिने पडून राहिल्याने कंबर धरते. आणि हो, कॅन्सर झालेल्या माणसाला साधी उसणही भरते, चादर झटकताना लचकही भरते. बाहेरून सगळ्याला 'पाठ दुखते' एवढंच नाव असतं.

यातल्या हाडाच्या दुखण्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण जिवावर बेतणारी चूक तिथेच होते.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड या अवयवांचे कॅन्सर हाडात पसरण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मल्टिपल मायलोमा तर हाडाच्या मज्जेतच जन्मतो. पसरलेल्या पेशी पुष्कळदा पाठीच्या कण्यात घर करतात. मणक्यांत रक्ताने भरलेली मज्जा असते, हे त्याचं एक कारण. दुसरं ऑस्कर बॅटसन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1940 साली दाखवलं: कण्याभोवती शिरांचं एक जाळं असतं आणि त्या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की ओटीपोटातलं रक्त उलट्या दिशेने या जाळ्यात शिरू शकतं, आणि त्याबरोबर प्रोस्टेटमधल्या पेशीही.

तिथे गेलेली पेशी हाड स्वतः खात नाही. आपल्या हाडात रोज थोडं जुनं हाड काढणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी असतात. कॅन्सरची पेशी त्यातल्या काढणाऱ्या पेशींना चिथावते. हाड विरघळतं, त्यातून काही वाढीचे घटक मोकळे होतात, आणि तेच घटक गाठीला आणखी वाढवतात. अशा मणक्याची अवस्था वाळवी लागलेल्या वाशासारखी असते: वरून रंग शाबूत, आतून भुसा. साध्या एक्स-रेत हे उशिरा कळतं, कारण मणक्यातला 30 ते 50 टक्के खनिजभाग गेल्याशिवाय तो फोटोत स्पष्ट दिसत नाही. म्हणून 'परवाच एक्स-रे काढला, नॉर्मल आहे' या वाक्यावर कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत विसंबता येत नाही. एमआरआय, किंवा कॅन्सरच्या प्रकारानुसार बोन स्कॅन अथवा पेट स्कॅन, हीच भरवशाची तपासणी.

आता मघाचा झटका आठवा. 40 किलोचा जोर, सेकंदाच्या अंशात, आणि स्नायूंना आवळून मणका सावरायला वेळ नाही. मजबूत मणका हे सहज सोसतो. पोखरलेला मणका दबू शकतो, मोडू शकतो आणि त्याचा तुकडा किंवा आतली गाठ मागे असलेल्या मज्जारज्जूवर जाऊ शकते. तसं झालं तर पाय जातात, लघवी-संडासवरचा ताबा जातो. हाडात कॅन्सर असलेल्या किंवा असण्याची शंका असलेल्या जागी झटका द्यायचा नाही, हे कायरोप्रॅक्टिकच्या पाठ्यपुस्तकांतही लिहिलेलं आहे. चांगला शिकलेला कायरोप्रॅक्टर असा रुग्ण परत पाठवतो. धोका असतो तो न विचारता हात घालणाऱ्याकडून, आणि आजार न सांगता टेबलावर झोपणाऱ्या रुग्णाकडून. दुसरी गोष्ट आपल्याकडे फार घडते. 'कॅन्सर म्हटलं तर हात लावणार नाहीत' म्हणून घरचे सांगतच नाहीत.

मज्जारज्जूवर दाब येण्याआधी बहुतेक रुग्णांना पाठदुखीचा इशारा मिळालेला असतो, कधी काही दिवस, कधी काही आठवडे. गादीचं किंवा चकतीचं साधं दुखणं आडवं झालं की पुष्कळदा कमी होतं. कॅन्सरचं हे दुखणं मात्र आडवं झाल्यावर वाढतं, रात्री झोपेतून उठवतं. खोकताना, शिंकताना कळ येते. पाठीतून छातीभोवती किंवा पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मग पाय जड होतात, जिना चढताना गुडघे मोडतात, पायाखालची फरशी नीट कळत नाही, लघवी अडते. पायांपर्यंत गोष्ट आली की एक रात्रही थांबायचं नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना अशा वेळी 24 तासांच्या आत पूर्ण कण्याचा एमआरआय करायला सांगतात. तोवर डॉक्टर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात, नंतर रेडिएशन किंवा ऑपरेशन. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता खूप मोठी असते. पाय गेल्यावर आलेल्या रुग्णाचे पाय परत आणणं फार अवघड. म्हणून ही लक्षणं दिसल्यावर मालिशवाल्याकडे, कायरोप्रॅक्टरकडे किंवा 'सोमवारी ओपीडीत दाखवू' म्हणून वेळ वाया घालवायचा नसतो.

हाडात कॅन्सर नसला तरी आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत प्लेटलेट्स खाली येतात. त्या 50 हजारांच्या खाली असताना जोराची मालिशसुद्धा आत रक्त साकळवू शकते. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील तर तेच. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, स्तनाच्या कॅन्सरसाठीची लेट्रोझोलसारखी गोळी, प्रोस्टेटसाठीची हार्मोन इंजेक्शनं यांनी हाडं ठिसूळ होतात. पायात गाठ झाली असेल, म्हणजे शिरेत रक्त गोठलं असेल, तर तो पाय चोळायचा नाही. छातीत केमो पोर्ट असेल तर पालथं झोपवून दाब द्यायचा नाही. आणि मानेला झटका द्यायचा विषय तर कॅन्सरच्या रुग्णाने सोडूनच द्यावा, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी धडधाकट माणसांतही आहेत.

जिथे हात उपयोगी पडतो

महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत झाला आहे. त्याच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा मानेतल्या गाठीही काढतात. खांदा उचलणाऱ्या मोठ्या स्नायूकडे जाणारी नस तिथूनच जाते. ती शाबूत ठेवली तरी ओढली जाते, दुखावते. काही आठवड्यांत त्या बाजूचा खांदा खाली झुकतो, हात डोक्यावर जात नाही, मान आणि पाठीच्या वरच्या भागात सतत ओढ लागते. रुग्णाला वाटतं, कॅन्सर परत आला. तपासणीत तसं काही निघालं नाही, तर उपाय हातांचा आणि व्यायामाचाच असतो: खांद्याचा सांधा हलका हलवून मोकळा करणं, आखडलेला व्रण बोटांनी सैल करणं, आणि हळूहळू वजन वाढवत उरलेल्या स्नायूंना बळ देणं. याने फरक पडतो. दुर्दैवाने हे ऑपरेशन झालेल्यांपैकी कितीतरी जणांना खांद्याच्या व्यायामाचा कागद हातात घेऊन घरी जायला मिळत नाही. ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक विभागाने तो द्यायलाच हवा.

स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदा असाच आखडतो. काखेतून दंडाकडे दोरीसारखी एक तार लागते, हात वर करताना ती ताणते. तिथेही फिजिओथेरपिस्टचा हात काम करतो. हातावर सूज असेल तर जोराने रगडायचं नसतं. त्यासाठी अगदी हलकी, ठरावीक दिशेने जाणारी मालिश असते आणि ती शिकलेल्याकडूनच घ्यायची. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचे सांधे सकाळी उठताना धरतात. गोळी बंद करावीशी वाटते, आणि तीच गोळी कॅन्सर परत येऊ देत नसते. नियमित व्यायामाने हे दुखणं कमी होतं, अॅक्युपंक्चरनेही काही जणींना उतार पडतो.

2022 साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने पूरक उपचारांच्या तज्ज्ञांबरोबर मिळून कॅन्सरच्या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गोळ्यांमुळे आलेल्या सांधेदुखीसाठी अॅक्युपंक्चर आहे, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या वेदनेसाठी मालिश आहे, तपासणीच्या वेळच्या वेदनेसाठी संमोहन आहे. मणक्याला झटका देण्याची शिफारस त्यात नाही. कॅन्सरच्या रुग्णांवर त्याचे मोठे, काटेकोर प्रयोग झालेलेच नाहीत. आहेत त्या बहुतांशी एकेका रुग्णाला बरं वाटल्याच्या, आणि एकेका रुग्णाचं नुकसान झाल्याच्या नोंदी.

मग कायरोप्रॅक्टरकडे जायचंच नाही का? कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून 'दुखणं स्नायूचं आहे, हाडात काही नाही' असं सांगितलं असेल, आणि समोरचा माणूस खरोखर शिकलेला असेल, तर त्याच्याकडे झटक्याशिवायच्या पुष्कळ पद्धती असतात. स्नायूवर अंगठ्याने हळू दाब धरणं, टेबलाचा खालचा भाग सावकाश वाकवून कमरेला ताण देणं, पेनासारख्या स्प्रिंगच्या उपकरणाने हलका ठोका देणं, आणि घरी करायचे व्यायाम. परदेशात काही कॅन्सर रुग्णालयांत असे उपचार इतर विभागांच्या बरोबरीने, एकमेकांना रिपोर्ट दाखवून दिले जातात. आपल्याकडची अडचण अशी की कायरोप्रॅक्टरांसाठी डॉक्टरांसारखी नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही. परदेशात चार वर्षं शिकून आलेला आणि थोड्या दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. फिजिओथेरपिस्टसाठी मात्र महाराष्ट्रात राज्य परिषद आहे आणि नोंदणी क्रमांक विचारता येतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की आपल्या राज्यात या कामासाठी पहिला दरवाजा कॅन्सर रुग्णालयातल्या किंवा त्यांनी सुचवलेल्या फिजिओथेरपिस्टचा ठोठावावा.

पहिल्या भेटीतच माणूस ओळखता येतो. त्याने कॅन्सर कुठला, कधी, कुठवर पसरला, शेवटचा स्कॅन कधीचा, प्लेटलेट्स किती, कुठल्या गोळ्या चालू, हे विचारायला हवं. पायांतली ताकद आणि संवेदना तपासायला हवी. मणक्यावर बोटाने ठोकून कुठे खोल दुखतंय का ते पाहायला हवं. दुखणं रात्री वाढतं का, हा प्रश्न यायला हवा. हे न विचारता 'या, झोपा' म्हणणाऱ्याकडून उठून यावं. आणि 'केमो बंद करा, मणका सरळ झाला की शरीर स्वतःच बरं करतं' असं कुणी म्हणालं तर तिथून तर तत्काळ निघावं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होऊ शकणारा कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट दिसला. पूरक उपचार मूळ उपचारांच्या सोबत असतो. त्यांच्या जागी बसू लागला की त्याला पूरक म्हणता येत नाही.

वेदनेचा मुख्य उपचार

बाहेरचा हात शोधावा लागतो, यामागे एक मोठं कारण आहे. मुख्य उपचारच अनेकांपर्यंत पोचत नाही. कॅन्सरचं दुखणं सोसायचंच असतं, असा समज रुग्णांत आहे, आणि काही डॉक्टरांतही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, मग सौम्य अफूजन्य औषध, मग मॉर्फिन. शक्यतो तोंडाने, आणि घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट न पाहता. मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास पुरते, म्हणून दर चार तासांनी. मधेच कळ उठली तर घ्यायचा जादा डोस डॉक्टर लिहून देतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबरच चालू ठेवतात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होण्याची भीती लोकांना वाटते त्याहून खूपच कमी असते. मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला, असंही नाही. ते दुखण्याच्या तीव्रतेवरून देतात, उरलेल्या दिवसांवरून नव्हे.

या औषधासाठी लागणारी अफू भारतातच, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवता येतं.

हाडाच्या दुखण्याला मॉर्फिनखेरीज दोन नेमके उपाय आहेत. एक रेडिएशन, ज्याला बरेच रुग्ण 'लाईट घेणं' म्हणतात. दुखऱ्या हाडावर 8 ग्रेचा एकच डोस वेदनेसाठी अनेक दिवसांच्या कोर्सइतकाच गुणकारी ठरतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. दहापैकी साधारण सहा जणांना त्याने उतार पडतो. काहींचं दुखणं पहिल्या एकदोन दिवसांत वाढतं आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितलं तर घरचे घाबरत नाहीत. दुसरा उपाय झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन. ते हाड काढणाऱ्या पेशींना आवरतं. ते सुरू करण्याआधी दातांची तपासणी करून घ्यावी, कारण पुढे दात काढावा लागला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. मणका दबला असेल तर पट्टा, कधी मणक्यात सिमेंट भरणं, कधी ऑपरेशन. हे सगळं झाल्यावर, हाड सावरलेलं आहे असं डॉक्टर म्हणाले की मग फिजिओथेरपिस्ट कुशीवर वळणं, उठणं, बसणं शिकवतो, आणि भोवतालचे आवळलेले स्नायू सैल करतो. हातांच्या उपचारांची रांगेतली जागा ही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतं, त्यांचं एक केंद्र गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 पासून रुग्ण आणि नातेवाईक दोघांचीही विनामूल्य काळजी घेतं. अशा ठिकाणी जाण्यासाठी कॅन्सरचे उपचार थांबलेले असावे लागतात, असं नाही. उपचार चालू असतानाच वेदनेसाठी तिथे किंवा जवळच्या पॅलिएटिव्ह विभागात जाता येतं, जावं.

तुमच्या घरी कॅन्सरचा रुग्ण असेल आणि त्याची पाठ नव्याने दुखू लागली असेल, तर हे एवढं करा. कुणाचाही हात पाठीला लागण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना फोन करा आणि थेट विचारा: हे हाडाचं असू शकतं का, एमआरआय हवा का? मालिश, हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर यांपैकी कुणाकडे जाऊन आला असाल तर तेही लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालेल. दुखणं स्नायूचं आहे असं कळलं तर आखडलेल्या खांद्याला आणि कंबरेला शिकलेला हात जरूर मिळू द्या. आणि पाय लटपटत असतील, लघवी अडली असेल, तर आज रात्रीच इमर्जन्सीत न्या.